लेकरू सायन्सला टाकण्यापूर्वी

दहावीचा निकाल लागला की आपल्या गट ऑफिसात दोन प्रकारचे सभासद येतात. काही ऊसनोंदीला येतात, आणि काही ऊसनोंदीच्या निमित्ताने येतात. नोंद झाली, चहा झाला, पाऊसपाण्याचे बोलून झाले, तरी दुसऱ्या प्रकारचा सभासद काही उठत नाही. मग हळूच खिशातून गुणपत्रिकेची झेरॉक्स निघते. "पोराला एक्याऐंशी टक्के पडलेत. सायन्सला टाकावं म्हणतो. लातूरला ठेवावं का उदगीरला? तुमचं काय मत हाय?"

देवणी, वलांडी, बोरोळ, कुठेही जा, उन्हाळा सरता सरता घरोघर हाच प्रश्न असतो. त्याचे उत्तर चुकले तर लेकराची दोन वर्षे जातात, घरचा पैसा जातो, आणि कधी कधी लेकराची उमेद जाते. पैसा पुढच्या गळितात भरून काढता येतो. उमेद तशी भरून निघत नाही. म्हणून या अंकात उसाच्या जातींऐवजी अकरावीच्या विषयांवर लिहावे असे आम्ही ठरविले.

आमच्याच घरचा दाखला

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी आपली चूक सांगितलेली बरी. काही वर्षांपूर्वी आमचा पुतण्या दहावी झाला. मार्क चांगले पडले. गावात पेढे वाटले. आम्ही घरातले शिकलेले, म्हणून निर्णय आमच्याकडे आला आणि आम्ही तो एका बैठकीत देऊन टाकला. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र असे चारही विषय घ्यायचे, म्हणजे डॉक्टरचे आणि इंजिनिअरचे अशी दोन्ही दारे उघडी राहतील! लातूरला खोली पाहिली, मेस लावली, डॉक्टरकीचा क्लास लावला आणि इंजिनिअरिंगचाही लावला. पोराला विचारले का? विचारले. "जमेल ना रे?" असे विचारले. आता चारचौघांत काकांनी असे विचारल्यावर कोणते लेकरू "नाही" म्हणेल?

येळवसेला तो गावी आला. शेतात कोप घातली होती, पाच पांडव मांडले होते. भज्जी, आंबील, उंडे, खीर, सगळे त्याच्या आवडीचे. तो पत्रावळीवर बसला आणि दोन घास खाऊन उठला. आम्हाला वाटले, शहराची हवा लागली. रात्री आजीजवळ रडला तेव्हा कळले. आजीनेच दुसऱ्या दिवशी त्याच्या पिशवीतले घडी घातलेले पेपर आमच्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "तुम्ही शिकल्याली माणसं. वाचून तर बघा."

घटक चाचणीचे पेपर होते, प्रत्येकी पंचवीस मार्कांचे. भौतिकशास्त्रात ७, जीवशास्त्रात ९, गणितात ११ आणि रसायनशास्त्रात १९. आम्ही पेढे वाटले तेव्हा टक्का पाहिला होता. विषयवार पेपर हातात धरून पाहण्याची ती पहिलीच वेळ. त्या चार कागदांवर सगळे लिहिलेले होते. आम्हीच ते वाचले नव्हते.

टक्का म्हणजे मातीचा अहवाल नव्हे

आपला शेतकी विभाग दर हंगामात सांगतो की माती तपासल्याशिवाय लागण करू नका. जमीन काळी दिसते म्हणून चांगली असेलच असे नाही. सामू किती, क्षार किती, स्फुरद किती, हे वेगवेगळे पाहावे लागते. सगळ्यांची सरासरी काढून कोणी खताची मात्रा ठरवीत नाही.

मग लेकराच्या बाबतीत आपण सरासरीवर का जातो? दहावीला २०१० पासून उत्तम पाच विषयांचे गुण धरून टक्केवारी निघते. एखाद्या विषयात मार्क कमी असले तरी तो विषय टक्क्यात दिसतच नाही. शिवाय बऱ्याच विषयांत शंभरपैकी वीस मार्क शाळेच्या हातचे असतात. तेव्हा गुणपत्रिका समोर घ्या आणि गणित व विज्ञान या दोन ओळींवर बोट ठेवा. लेखी परीक्षेत किती पडले ते पाहा. पुढे शाळेत जा. गणिताच्या आणि विज्ञानाच्या गुरुजींना एकट्याने भेटा आणि एकच विचारा, "गुरुजी, न सांगितलेलं गणित हा स्वतःहून सोडवतो का? का नुसतं पाठ करतो?" गुरुजी खरे सांगतात. आपण विचारीत नाही, एवढेच.

आपला भाग देवणी गाईबैलांचा. वानेरा, बालंक्या, शेवरा ही नावे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल. बैल विकत घेताना आपण काय करतो? नुसता रंग पाहून पैसे मोजतो का? दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो, जमले तर जुंपूनही पाहतो. लेकराला मात्र आपण न जुंपताच जू चढवतो. दहावीची परीक्षा संपल्यापासून अकरावी सुरू होईपर्यंत दोन-अडीच महिने हाताशी असतात. अकरावीचे भौतिकशास्त्राचे आणि गणिताचे पुस्तक आणा. बालभारतीच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळते. पहिली दोन प्रकरणे लेकराला वाचू द्या, उदाहरणे सोडवू द्या. पंधरा दिवसांत त्याचे त्यालाच कळते की गोडी आहे की नुसती भीती.

गणित सोडावे की जीवशास्त्र?

पुष्कळ मुले गणिताला भिऊन ते सोडतात, आणि पुष्कळ पालक लोभाने चारही विषय लादतात. दोन्हींचा हिशोब नीट समजून घ्यावा.

गणित सोडले की इंजिनिअरिंगचे दार बंद होते. जीवशास्त्र सोडले की वैद्यकीय, दंतवैद्यक आणि पशुवैद्यक ही दारे बंद होतात. आपल्या शेजारी उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. देवणी जातीच्या गोठ्यात वाढलेल्या मुलीला तिथे शिकावेसे वाटले तर तिला जीवशास्त्र हवेच, आणि नीटची परीक्षाही द्यावी लागते. कृषी पदवीचे मात्र तसे नाही. तिथे गणिताचा गट चालतो, तसा जीवशास्त्राचाही चालतो. औषधनिर्माणशास्त्रालाही दोन्ही चालतात. तेव्हा कृषीला किंवा फार्मसीला जायचे म्हणून चारही विषयांचे ओझे उचलण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट अशी की गणित सोडले म्हणजे गणितातून सुटका झाली असे नाही. नीटच्या परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. त्यांत ९० प्रश्न जीवशास्त्राचे, ४५ रसायनशास्त्राचे आणि ४५ भौतिकशास्त्राचे. भौतिकशास्त्रातला वेग, बल, वीज, भिंग, सगळीकडे गणित आहेच. चुकलेल्या प्रत्येक उत्तराला एक गुण कापला जातो. म्हणजे गणिताला भिऊन जो डॉक्टरकीच्या वाटेला लागतो, त्याला गणित वाटेत आडवे येतेच.

जागांचा हिशोबही उघड्या डोळ्यांनी पाहावा. २०२४ साली नीटला देशभरातून सुमारे २३ लाख मुले बसली. एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. वीस-एकवीस मुलांमागे एक जागा. हे सांगायचे ते भीती घालण्यासाठी नव्हे. ज्याची तयारी आहे त्याने जरूर उतरावे, आपल्या भागातली मुले दर वर्षी यातून पार होतात. पण "दोन्ही दारे उघडी" म्हणून ज्या लेकराला दोन्हीकडे पळवले जाते, ते बहुधा दोन्ही दारांबाहेरच राहते. एक दार धरावे.

आणि सायन्सच कशाला, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. लातूरला शासकीय तंत्रनिकेतन आहे. आयटीआय आहे, कृषी तंत्रनिकेतने आहेत. बारावीतच द्विलक्षी विषय घेता येतात. त्यांचे २०० गुण असतात, आणि पीकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र असे हाताला काम देणारे विषय त्यात आहेत. या वाटेने गेलेले लेकरू कमी प्रतीचे, असे मानण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

लातूर पॅटर्न म्हणजे नेमके काय?

आपल्या जिल्ह्याचे नाव राज्यभर झाले ते शिक्षणामुळे. लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत बोर्डाच्या गुणवत्ता यादीत इथली मुले दिसू लागली. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली सुरू झाले. डॉ. जनार्दन वाघमारे हे त्याचे पहिले प्राचार्य. पुढे १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ स्थापन झाले, त्याचेही ते पहिले कुलगुरू झाले. दयानंद महाविद्यालयानेही त्याच काळात नाव मिळविले. यालाच लोक 'लातूर पॅटर्न' म्हणू लागले.

पण या पॅटर्नमध्ये जादू कोणती होती? अभ्यासक्रम वेळेआधी संपवायचा. मग बोर्डाच्या धर्तीवर पेपर लिहून घ्यायचे. ते तपासून चुका लेकराला समोर बसवून दाखवायच्या. आणि पुन्हा पेपर लिहून घ्यायचा. सुटीतही वर्ग भरायचे. एवढेच. लिहिणे, चुकणे, चूक पाहणे आणि पुन्हा लिहिणे! आज पुष्कळ पालक लातूरचे नाव घेतात, खोली घेतात, क्लासची पावती घेतात आणि हे चार शब्द मात्र घ्यायचे राहतात. ज्या क्लासात शेकडो मुले बसतात आणि पेपरवर नुसता आकडा टाकून परत देतात, तिथे पॅटर्न नाही. आणि उदगीरला किंवा गावाजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात एखादे सर चूक समजावून सांगत असतील, तर पॅटर्न तिथे आहे. उदगीरचे महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालय तर १९६२ पासून या भागाला शिकवीत आहे. घरून ये-जा करून शिकता येत असेल, तर त्याचाही विचार करावा. सोळा वर्षांच्या लेकराला आईच्या हातची भाकरी हाही एक आधारच असतो.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. अर्जात दहापर्यंत महाविद्यालये पसंतीक्रमाने भरता येतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर प्रवेश तिथेच घ्यावा लागतो. म्हणून नेटकॅफेवाल्याने भरला आणि आपण अंगठा दिला, असे करू नका. पहिले नाव कोणते हे घरी ठरवून, कागदावर लिहून मगच जा.

आडसालीचे गणित

आडसाली उसाला अठरा महिने लागतात. अकरावी सुरू झाल्यापासून बारावीची बोर्डाची परीक्षा येईपर्यंतही साधारण तेवढेच महिने जातात. आडसाली लावणाऱ्या सभासदाला आम्ही सांगावे असे नाही की पहिल्या चार महिन्यांत जे फुटवे आले नाहीत ते शेवटी पाटाने पाणी सोडून येत नाहीत. तरीही अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष, असा समज घरोघर आहे. राज्याच्या सीईटीत वीस टक्के प्रश्न अकरावीचे असतात आणि नीटमध्ये दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो. अकरावीत ढिलाई झाली तर बारावीत दोन्ही वर्षांचे ओझे एकदम मानेवर येते.

पहिल्या चार महिन्यांत सर्वांत मोठी अडचण असते ती इंग्रजीची. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले लेकरू अकरावीत बसते आणि वर्गात 'व्हेलॉसिटी', 'अॅक्सिलरेशन' सुरू होते. त्याला वाटते आपल्याला भौतिकशास्त्रच येत नाही. खरे पाहता वेग आणि त्वरण त्याला दहावीपासून येतात. फक्त नाव बदललेले असते. हा धक्का आपल्या भागाला नवा नाही. उदगीर तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता आणि निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होते. आपल्या घरातल्या जुन्या माणसांनी गुणाकाराला 'जरब' आणि भागाकाराला 'तकसीम' म्हणत गणित शिकले, आणि शिकून पुढे गेले. भाषा अडवते, पण तोडत नाही.

यावर उपाय साधा आहे. एक दोनशे पानी वही करावी. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी, खाली एका ओळीत अर्थ. रोज दहा शब्द. दिवाळीपर्यंत वही भरते आणि भीती ओसरते. नीटचा पेपर मराठीतूनही देता येतो. परंतु ते आधीच ठरवावे, ऐनवेळी भाषा बदलू नये.

रोजच्या अभ्यासाचेही तसेच. आज वर्गात जे शिकवले त्याची पाच उदाहरणे आजच, वहीत न पाहता सोडवायची. जे अडले त्यावर खूण करायची आणि दोन दिवसांत सरांना विचारायचे. आठवड्यातून एक पेपर घड्याळ लावून लिहायचा. बोर्डाला भौतिक, रसायन व जीवशास्त्र यांत लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० असे गुण असतात. प्रयोगवही वेळच्या वेळी लिहिणाऱ्याला ते तीस गुण अवघड नाहीत. रात्री जागून वाचणाऱ्याला शाबासकी देऊ नका. झोप न झालेल्या लेकराच्या डोक्यात काही राहत नाही.

घरच्यांचे काम

पालकाला भौतिकशास्त्र येण्याची गरज नाही. महिन्यातून एकदा पेपर पाहण्याची गरज आहे. मार्क विचारू नका, पेपर दाखव म्हणा. लाल शाईच्या खुणा कुठे आहेत, मागच्या महिन्यात जिथे होत्या तिथेच आहेत का, हे न शिकलेल्या आईलाही दिसते. आमच्या घरात ते आजीला दिसले.

पैशाच्या बाबतीत अंथरूण पाहूनच पाय पसरावेत. दोन्ही वर्षांची फी एकदम भरू नका आणि पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये खासगी क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. लेकराने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी परत द्यावी, असे त्यांत म्हटले आहे. क्लासवाल्याला हे आधीच विचारा. आणि उसाचे बिल क्लासला गेले, गाय विकली, हे लेकराला रोज ऐकवू नका. त्याला ते ठाऊक असते. तेच ओझे घेऊन ते झोपत नाही.

जेवण कमी झाले, फोनवर बोलणे तुटक झाले, सणाला यायचे टाळू लागले, तर अभ्यास चालू आहे असे समजून गप्प बसू नका. त्याच दिवशी एसटी धरा आणि खोलीवर जाऊन बसा. सरकारची 'टेलि-मानस' नावाची फोनसेवा २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६. तिथे मराठीतून बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. नापास झालेल्याला पुन्हा परीक्षा आहे, चुकलेला विषय बदलता येतो, गेलेले वर्षही मागे पडते. गेलेले लेकरू येत नाही.

पुतण्याचे पुढे काय झाले?

त्या येळवसेनंतर आम्ही लातूरला गेलो. त्याच्या रसायनशास्त्राच्या सरांना भेटलो. सर म्हणाले, "याला रसायन समजतं. बाकीचं तुम्ही त्याच्यावर लादलंय." डॉक्टरकीचा क्लास त्याच महिन्यात सोडला. इंजिनिअरिंगचाही सोडला. चारही विषय बोर्डापुरते ठेवले आणि रोजचा वेळ मोकळा केला. बारावीला फार मोठे मार्क पडले नाहीत, पण पास झाला, रसायनशास्त्रात चांगले पडले आणि चेहऱ्यावर हसू आले. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केली. मग साखर तंत्रज्ञान शिकला. आज एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत शिफ्टला असतो. रसाचा ब्रिक्स पाहतो, पोल काढतो, चुना आणि गंधकाचे प्रमाण सांभाळतो. प्रकाश साखरेच्या द्रावणातून जाताना किती वळतो यावरून साखर मोजतात, हे त्याने आम्हाला समजावून सांगितले. ज्या भौतिकशास्त्रात सात मार्क पडले होते, त्यातलेच हे. आता ते त्याला अवघड वाटत नाही, कारण ते कशासाठी आहे ते त्याला कळले आहे.

पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. ऊस उत्पादकांच्या पुढाकाराने १९७५ साली उभी राहिलेली ही संस्था. आपल्या उसाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या संस्थेत आपली लेकरे शिकली पाहिजेत, ही वाट आम्हाला त्या दिवशी सुचलीच नव्हती. आमच्या डोळ्यांपुढे दोनच दारे होती.

सभासद बंधू-भगिनींनो, यंदा गुणपत्रिका हातात आली की पेढे जरूर वाटा. पण पेढे वाटून झाल्यावर कंदिलाखाली बसतो तसे निवांत बसा, लेकराला शेजारी घ्या, विषयांच्या ओळींवर बोट ठेवा आणि विचारा, "यातलं तुला कोणतं करावंसं वाटतं?" आणि मग ते उत्तर देईपर्यंत गप्प बसा. आम्हाला हे गप्प बसणेच जमले नव्हते.